घरी परतेपर्यंत कार्ड पुसू नका: प्रवासातल्या फोटोंच्या बॅकअपविषयी

प्रश्न थोडक्यात असा: १८ दिवसांचा प्रवास. २४ मेगापिक्सेलचा एक मिररलेस कॅमेरा, एक फोन, ६४ जीबीची दोन कार्डं. सामान स्वतःच्या पाठीवर वाहायचं, म्हणून लॅपटॉप नाही. मधले पाच-सहा दिवस रेंज नाही. मागच्या प्रवासात चौथ्या दिवशी कॅमेऱ्याने 'कार्ड फॉरमॅट करा' असं सांगितलं आणि तोवरचे सगळे फोटो गेले. यंदा बॅकअप कसा घ्यायचा आणि क्लाउडवर भागेल का?

नुसत्या क्लाउडवर भागणार नाही. आणखी दोन कार्डं घ्या, एक छोटी एसएसडी (चिपवर साठवणारी बाहेरची डिस्क) घ्या आणि घरी परतेपर्यंत एकही कार्ड पुसू नका. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी फोटो काढणाऱ्यांचे गट घेऊन फिरतोय. इतक्या वर्षांत आपणहून मेलेली कार्डं बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. हरवलेल्या बॅगा मात्र पुष्कळ पाहिल्या. आणि सगळ्यात जास्त पाहिला तो रात्री साडेदहाला, डोळे मिटत असताना, चुकीच्या बटणावर पडलेला अंगठा. म्हणून बॅकअपची आखणी करताना 'डिस्क बिघडली तर?' हा प्रश्न मी तिसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न: ही बॅग आत्ता गेली तर माझ्याकडे काय उरेल? दुसरा: मी दमलेला असताना यात काय घोळ घालू शकतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःची चांगली फजिती करून घेऊन शिकलोय. एका सकाळी माझ्याकडे एकाच कंपनीचे दोन कॅमेरे होते. एकावर ४१२ फोटो झाले, दुसऱ्यावर ५३०. रात्री दोन्ही कार्डं लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये ओतली. दुसऱ्या कार्डाच्या वेळी लॅपटॉपने विचारलं, 'या नावाच्या फाइल्स आधीच आहेत, बदलू का?' मला वाटलं, मघाशी काहीतरी अर्धवट राहिलं असेल. 'सगळ्या बदला' दाबलं, दोन्ही कार्डं फॉरमॅट केली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज आकडा पाहिला: ७९१. हवे होते ९४२. पहिल्या कॅमेऱ्याच्या १५१ फोटोंच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याचे त्याच नावाचे फोटो येऊन बसले होते. तोवर पहिल्या कार्डावर मी तीनेकशे नवे फोटो काढलेही होते. पुढे बरीच खटपट केल्यावर ३८ परत मिळाले.

यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. कॅमेरे फाइलींना नावं देतात ती डीसीएफ नावाच्या ठरलेल्या नियमाने. कार्डावरच्या 'डीसीआयएम' फोल्डरच्या आत १०० ते ९९९ क्रमांकांची फोल्डरं, आणि फाइलच्या नावात चार अक्षरं व पुढे ०००१ ते ९९९९ यांतला एक क्रमांक. ९९९९ झालं की परत ०००१. म्हणजे भरपूर फोटो काढणाऱ्याकडे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो आज ना उद्या येणारच. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक कार्डाला प्रत्येक दिवशी वेगळं फोल्डर असतं. 'दिवस०७_कार्ड२' एवढं नाव पुरतं. निवडानिवड, वर्गवारी, नको ते डिलीट करणं, हे सगळं घरी. आणि 'बदलू का' असं काहीही विचारलं गेलं की मी आधी चूळ भरून येतो, मग वाचतो.

आता कार्डांचा हिशोब. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, साधारण २५ ते ३० एमबीची असते. दिवसाला ३०० फोटो धरले तर ८-९ जीबी, १८ दिवसांचे १५०-१६० जीबी. ६४ जीबीची चार कार्डं म्हणजे २५६ जीबी. एकही कार्ड न पुसता सगळा प्रवास बसतो आणि वर जागा उरते. फक्त जेपेग काढत असाल तर दोन कार्डांतही होईल. गणित बिघडवतो तो व्हिडिओ. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने ४-के चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी जातात. तेवढं करणार असाल तर कार्डं त्या मापाने वाढवा.

फिल्मचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पटवावं लागत नाही. संपलेला रोल कुणी धुवून परत कॅमेऱ्यात घालत नसे. कार्डही तसंच वापरा: भरलं किंवा तीन-चार दिवस झाले की काढायचं, डबीत उलटं ठेवायचं आणि पुढचं घालायचं. उलटं म्हणजे 'हात लावू नको'. एसडी कार्डाच्या कडेची ती बारकी सरकपट्टीही 'लॉक'वर ढकला. ती नुसती प्लास्टिकची खूण आहे, कार्डाच्या आतल्या चिपला तिची काही खबर नसते. पण कॅमेरे ती पाहून फोटो लिहायला नकार देतात, आणि दमलेल्या माणसाला तेवढी आठवण पुरते.

एकच मोठं कार्ड की चार मध्यम, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. कार्डं बदलताना ती हरवतात, हा मोठ्या कार्डवाल्यांचा मुद्दा अगदी खोटा नाही. तरी मी मध्यम कार्डांच्या बाजूचा. कॅमेरा चोरीला गेला तर मला तीन दिवस गमवायचे आहेत, अठरा नाहीत.

कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर मेनूत जाऊन ती 'बॅकअप'वर लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत मुळात 'एक भरलं की दुसरं' अशी मांडणी असते आणि मालक दोन प्रती होताहेत या समजुतीत फिरत असतो. बॅकअपवर लावल्यावर एक कार्ड बिघडलं तरी फोटो वाचतात. पण दोन्ही कार्डं एकाच कॅमेऱ्याच्या पोटात आहेत, कॅमेरा गेला की दोन्ही गेली. म्हणून रात्री त्यातलं एक काढून वेगळं ठेवायचं.

तुमच्या जुन्या कार्डाबद्दल एक शंका आहे. पहिले तीन दिवस ठीक चाललं आणि चौथ्या दिवशी बोंबललं, ही मला नकली कार्डाची चाल वाटते. अशा कार्डावर ६४ लिहिलेलं असतं, आत चिप ८ किंवा १६ जीबीची असते आणि कॅमेऱ्याला ते आपण ६४ असल्याचं खोटं सांगतं. खरी जागा संपेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर नवे फोटो एकतर हवेत विरतात किंवा जुन्यांवर लिहिले जातात. त्यात फाइलींची यादी जिथे असते तीच जागा सापडली की कॅमेरा फॉरमॅट मागतो. निघण्याआधी संगणकावर प्रत्येक नवं कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ हे काम फुकटात करतात. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवलं की झालं. माझी कार्डं कितीही खात्रीच्या ठिकाणची असली तरी ही परीक्षा दिल्याशिवाय कॅमेऱ्यात जात नाहीत.

दुसरी प्रत एसएसडीवर. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नेऊ नका. तिच्यात वाचणारं टोक तबकडीवर हवेच्या बारीक थरावर तरंगत असतं. हवा विरळ झाली की तो आधार कमी होतो, म्हणून उत्पादक अशा डिस्क चालवण्यासाठी सहसा ३,००० मीटरच्या आसपास उंचीची मर्यादा घालतात. शिवाय चालू असताना पडली की संपलं. एसएसडीत हलणारं काही नसतं.

लॅपटॉपशिवाय कार्डावरून एसएसडीवर नेण्यासाठी एक यूएसबी-सी हब लागेल, ज्यात कार्डाची खाच, एसएसडीसाठी जागा आणि चार्जरसाठी वेगळं तोंड असेल. हे तिसरं तोंड महत्त्वाचं. नुसत्या फोनच्या बॅटरीवर रीडर आणि डिस्क दोन्ही ओढताना फोन मधेच हात टेकतो. आयफोनवर २०१९च्या आयओएस १३ पासून 'फाइल्स' अॅपमध्ये बाहेरची डिस्क दिसते. आयफोन १५ पासून सी-टाइप आलंय, त्याआधीच्या फोनला अॅपलचा चार्जिंगचं तोंड असलेला अडॅप्टर लागतो. अँड्रॉइडचं फोनगणिक वेगळं. काहींना कार्ड आणि डिस्क एकदम दिसतात, काही एकालाच ओळखतात. एकालाच ओळखत असेल तर आधी कार्डावरून फोनमध्ये, मग फोनमधून डिस्कवर असा दोन टप्प्यांचा प्रवास, त्यासाठी फोनमध्ये दहा-पंधरा जीबी मोकळे हवेत. एसएसडी एक्सफॅट या मांडणीत फॉरमॅट करून न्या. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीवर आयफोनला लिहिता येत नाही आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांनाही नाही. ही सगळी जुळणी निघण्याच्या आठवडाभर आधी खऱ्या फोटोंनी भरलेल्या कार्डावर दोनदा करून बघा. विमानतळावर हबचं खोकं फोडणारे लोक मी पाहिलेत.

वेगाबद्दल: सी-टाइपचं तोंड दिसलं म्हणून वेग आला असं समजू नका. साध्या आयफोन १५ला सी-टाइप आहे, पण आत यूएसबी २च आहे, ४८० मेगाबिटवालं. प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी मिळतात. दिवसाचे ९ जीबी जायला चार-पाच मिनिटं, आख्खं ६४ जीबीचं कार्ड जायला अर्धा तास. एकाच हबवरून वाचणं आणि लिहिणं दोन्ही चालू असेल तर दुप्पट धरा. म्हणून रोजचं रोज करावं. तेवढा वेळ फोनला हात लावू नका, आणि स्क्रीन बंद होऊ देऊ नका. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन कॉपी मधेच सोडून देतात आणि सांगतही नाहीत.

कॉपी झाली म्हणजे प्रत मिळाली असं मी धरत नाही. फोल्डरात चिमुकली चित्रं ओळीने दिसली की मन शांत होतं, तिथेच फसगत आहे. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने बनवलेलं छोटं जेपेग असतं आणि ते बहुधा फाइलच्या सुरुवातीकडे असतं. मागची अर्धी फाइल आलीच नसली तरी चिमुकलं चित्र छान दिसतं. उघडून मोठं केलं की वरचा डोंगर दिसतो आणि खाली नुसता राखाडी पट्टा. म्हणून मी तीन गोष्टी करतो. कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फोल्डरातल्या फाइलींची संख्या जुळवतो. एकूण आकार जुळवतो, तोही गोळाबेरीज न करता. मग पहिला, शेवटचा आणि मधला कुठलाही एक फोटो उघडून खालच्या कोपऱ्यापर्यंत ताणून बघतो. याला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉप नेणाऱ्यांचं सोपं आहे, टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पडताळणी चालू करावी किंवा आरसिंक हा तसाच दुसरा प्रोग्रॅम चेकसमसह, म्हणजे दोन्हीकडचा मजकूर ताडून, चालवावा.

आणि डिस्क काढताना 'इजेक्ट' करा. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं काम सावरून घेणारी नोंदवही नसते. लिहिणं चालू असताना हिसकलं तर त्या दिवसाचं फोल्डरच काय, आख्ख्या डिस्कची यादी विस्कटू शकते. आयफोनच्या 'फाइल्स'मध्ये इजेक्टचं बटण शोधून सापडत नाही. तिथे कॉपी संपल्यावर मिनिटभर थांबून मग वायर काढायची.

एसएसडी आहे, मग कार्ड का पुसू नये? एक प्रत कमी होते हे तर उघडच, पण आणखी एक कारण आहे. कार्डावरून उडालेली फाइल पुष्कळदा परत मिळते, कारण डिलीट किंवा साधं फॉरमॅट केल्यावर फक्त यादी जाते, मजकूर तिथेच असतो. एसएसडीत ट्रिम नावाची व्यवस्था चालली तर डिलीट झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. तिथे चूक झाली की सहसा दाद मागायला जागा नाही.

क्लाउडकडे येऊ. सेकंदाला ५ मेगाबिटचा अपलोड मिळाला, आणि प्रवासात तो मिळणं चांगलंच म्हणायचं, तर ९ जीबी चढायला चार तास लागतात. सगळ्या रॉ फाइली चढवायचा नाद सोडा. रोज संध्याकाळी कॅमेऱ्याच्या वाय-फायवरून त्या दिवसाचे दहा-पंधरा फोटो जेपेगमध्ये फोनवर घ्या आणि रेंज मिळेल तेव्हा ते वर जाऊ द्या. सगळं सामान गेलं तरी प्रत्येक दिवसाचं काहीतरी उरेल. दहा फोटो निवडायचे म्हटलं की दिवसभराचं काम डोळ्यांखालून जातं, आणि लेन्सवर डाग पडलाय हे तिसऱ्याच दिवशी कळतं, हा वरकड फायदा.

मात्र क्लाउड म्हणजे काय हे नीट समजून घ्या. आयक्लाउड फोटोज हे मुळात फोन आणि क्लाउड सारखे ठेवण्याचं यंत्र आहे. फोनवर जागा करण्यासाठी फोटो डिलीट केला की तो वरूनही जातो आणि ३० दिवस 'नुकतेच डिलीट केलेले'मध्ये राहून संपतो. गूगल फोटोजमध्येही अॅपमधून डिलीट केला की दोन्हीकडून जातो, बॅकअप झालेला असेल तर कचरापेटीत ६० दिवस मिळतात. जागा करायची तर 'जागा मोकळी करा' हा त्यांचाच पर्याय वापरा, हाताने डिलीट करू नका. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि ड्राइव्हसकट. १ जून २०२१ पासून फोटो त्यात मोजले जातात. आयक्लाउडची ५ जीबी. गूगलची भरली की मेल यायचेही बंद होतात, आणि तुमच्या तिकिटांचे बदल मेलवर येत असतील तर मग बघायलाच नको. गूगलमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो १६वर आणला जातो, हेही आधी ठरवा. व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवलेला फोटो बॅकअपमध्ये धरू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर मूळ फाइल जाते, फोटो म्हणून पाठवलात तर दाबून लहान केलेली.

आणि एक गोष्ट जी फोन गेल्यावरच आठवते. फोन गेला, दुसऱ्याच्या फोनवरून खात्यात शिरायला गेलात, तर ओटीपी कुठे येणार? त्याच गेलेल्या फोनवर. गूगल खात्यातून दहा बॅकअप कोड काढता येतात, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून कपड्यांच्या बॅगेत ठेवा. तुमच्या इतर सेवांतही अशी सोय आहे का ते निघण्याआधी बघून घ्या.

'३-२-१' हा नियम कानावर आला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकांपर्यंत नेला. प्रवासात यातला 'दुसरी जागा' हा भाग अवघड, कारण तुम्हीच रोज जागा बदलताय. मी असं करतो: कॅमेरा खांद्याला, वापरून झालेली कार्डं अंगावरच्या पाऊचमध्ये पासपोर्टसोबत, एसएसडी मोठ्या सॅकमध्ये कपड्यांच्या घडीत. विमानात सॅक सामानात द्यायची असेल तर एसएसडी हातातल्या बॅगेत येते. सुरक्षा तपासणीच्या एक्स-रेने कार्डाला किंवा एसएसडीला काही होत नाही, तो धाक फिल्मला. कडाक्याच्या थंडीतून उबदार खोलीत शिरताना मात्र कॅमेरा आणि डबी झिपच्या पिशवीत बंद करून आणा आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. सोबत कुणी असेल तर आपली एसएसडी त्याच्या सॅकमध्ये, त्याची आपल्यात. मला ही अदलाबदल सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. फक्त रोज रात्री डिस्क मागायला जावं लागतं आणि तो आधी झोपलेला असतो.

घरी आल्यावर एसएसडीवरून संगणकावर घ्या, संगणकावरून दुसऱ्या एका डिस्कवर, दोन्हीकडे फोटो उघडून पाहा. त्यानंतर कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. संगणकात करू नका. कॅमेऱ्याला हवी ती मांडणी कॅमेराच बरोबर करतो.

शेवटी, ते गेलेलं कार्ड. 'हो' दाबून फॉरमॅट केलं असेल तरी त्यावर नंतर काही काढलं नसेल तर ते फेकू नका. लॉक सरकवा, संगणकाला लावा आणि फोटोरेक हा गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवा. फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे. वाचवलेले फोटो त्याच कार्डावर ठेवू नका, संगणकावर वेगळ्या फोल्डरात उतरवा. हे सॉफ्टवेअर यादी न बघता फाइलींच्या खुणा शोधत कार्ड खरवडतं, त्यामुळे मूळ नावं जातात आणि इंग्रजी 'f' आणि पुढे आकडे अशी काहीतरी नावं येतात. काढल्याची तारीख-वेळ फोटोच्या आत असते, त्यावरून क्रम लागतो. कार्ड माझ्या शंकेप्रमाणे नकली निघालं तर पहिल्या दोन-तीन दिवसांचे काही मिळतील आणि चौथ्या दिवसाचे मिळणार नाहीत, कारण ते बहुधा कधी लिहिलेच गेले नव्हते.